पाण्याचा ताळेबंद कोण मांडणार?

१७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस कोसळला आणि लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव आदी गावांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. माणसे दगावली, गोठ्यातील जनावरे दाव्यालाच मेली आणि उरलेल्यांना वाचविण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. पुढे सप्टेंबरच्या उत्तरार्धात मांजरा, तेरणा आणि गोदावरी यांच्या पुरांनी लातूर व नांदेड जिल्ह्यांतील काढणीला आलेले सोयाबीन सडविले, आणि नदीकाठच्या कित्येक शेतांतील माती अशी खरवडून नेली की खालचा मुरूम उघडा पडला. ७ ऑक्टोबर रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. पंचनामे झाले, मदतीच्या आकड्यांवर विधाने झाली, प्रतिविधाने झाली. त्यानंतर सरकारी भाषेत पुढचे पर्व सुरू होते. ते असते ‘हवामान-अनुकूल शेती’चे, आपत्तीला तोंड देण्याची क्षमता वाढविण्याचे. या शब्दांचा अर्थ काय आणि तो कोणाच्या हिताचा, याचा विचार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी वेळेवर केला पाहिजे. कारण पूर ओसरला की हा विचारही ओसरतो, असा आजवरचा अनुभव आहे.

या पुराच्या अवघी नऊ वर्षे आधी याच लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, मार्च २०१६ मध्ये शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलमाखाली जमावबंदी लागू झाली, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. पुढे पन्नास वाघिणींची, सुमारे पंचवीस लाख लिटर पाण्याची गाडी धावू लागली. तिला ‘जलदूत’ असे काव्यमय नाव देण्यात आले. तहानलेल्या शहराला पाणी पोहोचविणाऱ्या रेल्वे कामगारांचे आणि ते देऊ करणाऱ्या मिरज परिसरातील जनतेचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु त्याच हंगामात मराठवाड्यातील साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती, ही गोष्ट त्या गाडीच्या छायाचित्रांत येत नव्हती.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली वडीलधारी मंडळी अजून गावोगाव भेटतात. ती एक फरक आवर्जून सांगतात. बहात्तरला घरात दाणा नव्हता, पण आडात पाणी होते; २०१६ मध्ये रेशनचे धान्य मिळत होते, पण आड, विहीर आणि बोअर तिन्ही कोरडे होते. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत पाऊस नाहीसा झाला नव्हता. लातूरला वर्षाकाठी सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडला त्याहून काहीसा अधिक. माणदेशाच्या नशिबी याहून कितीतरी कमी आहे. बदलले ते पावसाचे वागणे, आणि त्याहून अधिक बदलले ते पाण्यावरील मालकीचे स्वरूप.

पावसाच्या वागण्याविषयी शास्त्रज्ञ जे सांगतात ते शेतकऱ्याच्या अनुभवाशी जुळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस तोच असला तरी तो थोड्या दिवसांत पडून जातो आणि मध्ये लांब खंड पडतो. मराठवाड्याच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. तो पाणी पोटात धरून ठेवीत नाही. वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत जे मुरेल तेवढेच. संथ पाऊस मुरतो, धो-धो पाऊस वाहून जातो आणि जाताना माती घेऊन जातो. त्यामुळे एकाच वर्षात जुलैमध्ये दुबार पेरणी, सप्टेंबरमध्ये पूर आणि एप्रिलमध्ये टँकर असे तिहेरी संकट याच गावांवर ओढवू शकते. या बदलाला जबाबदार असलेल्या धुराचा मोठा वाटा धनिक राष्ट्रांच्या कारखान्यांतून आणि मोटारींतून निघाला. शर्म-अल-शेख येथे २०२२ साली झालेल्या परिषदेत नुकसानभरपाईसाठी निधी उभारण्याचे त्या राष्ट्रांनी तत्त्वतः मान्य केले. ज्याने आग लावली त्याने झळ सोसणाऱ्याला भरून द्यावे हे तत्त्व योग्यच आहे. ते जगाला लागू असेल तर मांजरेच्या खोऱ्यालाही लागू असले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

येथे उसाचा प्रश्न येतो, आणि त्याला बगल देऊन या विषयावर प्रामाणिकपणे काही लिहिता येणार नाही. राज्यातील लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे चार टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, हा आकडा केंद्र सरकारच्याच कृषिमूल्य आयोगाचा आहे. २०१९ साली औरंगाबादचे तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखाने यांवर बंदी घालावी अशी शिफारस शासनाला केली. त्यांच्या अहवालानुसार मराठवाड्यात ३ लाख १३ हजार हेक्टरांवर ऊस उभा होता आणि एका हेक्टर उसाला सुमारे १९६ लाख लिटर पाणी लागते. हा आकडा डोक्यात उतरावा म्हणून थोडे गणित करू. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असा सरकारचा निकष आहे. त्या हिशेबाने एका हेक्टर उसाच्या पाण्यात सुमारे हजार वस्तीच्या गावाची वर्षभराची गरज भागते. मिरजेहून येणाऱ्या पन्नास वाघिणींच्या गाडीच्या आठ फेऱ्या म्हणजे एक हेक्टर ऊस! त्या शिफारशीचे पुढे काय झाले हे वाचकांना सांगावयास नको. मांजरेवर उच्च पातळी बंधाऱ्यांची मालिका उभी राहिली तेव्हा तिचे वर्णन दुष्काळावरील उपाय असे झाले. तिच्या दोन्ही तीरांवर ऊस वाढला, आणि धरणात पाणी येताच त्याची वाटणी आधीच ठरून गेलेली असते.

तथापि काही शहरी पर्यावरणवाद्यांप्रमाणे ऊस लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास दोषी ठरविणे आम्हांस मान्य नाही. औसा किंवा रेणापूर तालुक्यातील दोन एकरांचा धनी ऊस का लावतो? कारण सर्व पिकांत ऊस हेच असे पीक आहे की ज्याचा दर कायद्याने बांधलेला आहे, जे घेण्यास कारखाना बांधील आहे आणि ज्याचे पैसे १९६६ च्या नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. हे पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून आंदोलने करावी लागतात हे खरे. परंतु आंदोलन करण्याजोगा हक्क तरी तेथे आहे. सोयाबीनचे तसे नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि हंगामात लातूरच्या बाजार समितीत, जी या पिकाची देशातील प्रमुख बाजारपेठ समजली जाते, शेतकऱ्याला त्याहून बरेच कमी पैसे घेऊन परतावे लागले. ज्वारीला आणि तुरीला हमीभाव कागदावर आहे, खरेदी केंद्र मात्र केव्हा उघडेल आणि केव्हा ‘बारदाना संपला’ म्हणून बंद होईल याची शाश्वती नाही. त्यातच केंद्राचे इथेनॉलचे धोरण उसाला नवे आमिष दाखवीत आहे. अशा स्थितीत पाणी मिळेल त्याने ऊसच लावावा अशी व्यवस्था सरकारने स्वतः रचली आहे, आणि तेच सरकार शेतकऱ्याला हवामानाशी जुळवून घेण्याची शिकवण देते.

ज्वारी मागे हटली याचा परिणाम केवळ भाकरीवर झाला नाही. ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला तशी लाल कंधारी आणि देवणी ही याच दोन जिल्ह्यांच्या मातीत घडलेली, उन्हाला आणि तुटपुंज्या चाऱ्याला सरावलेली गुरे दावणीवरून कमी झाली. शेणखत कमी झाले, मातीची ओल धरण्याची शक्ती कमी झाली. एका पिकामागोमाग किती गोष्टी जातात, हे कृषी खात्याच्या उद्दिष्टांच्या तक्त्यात दिसत नाही. तूर, हरभरा, करडई, ज्वारी यांची मिश्र पिके घेणारा कोरडवाहू शेतकरी हाच खरा हवामान-अनुकूल शेतकरी होता. त्याला उसाइतकी भावाची आणि खरेदीची हमी द्या, असे आमचे म्हणणे आहे. तसे झाले तर ऊसबंदीचा हुकूम काढण्याची गरज बरीच कमी होईल.

आता सरकारी योजनांकडे वळू. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर २०१९ पर्यंत ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले. गावे जलपरिपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढविण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापालांनी २०२० साली नोंदविले. जेथे तेथे यंत्रे लावून नाले खोल करण्यात आले. पाणलोटाचा माथ्यापासून पायथ्यापर्यंत विचार मागे पडला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. पहिल्या टप्प्यात पंधरा जिल्ह्यांतील ५,१४२ गावे त्याने घेतली आणि लातूर व नांदेड त्यांत होते. गावाने पाण्याचा ताळेबंद मांडावा, म्हणजे पाऊस किती पडला, मुरला किती, पिण्यास किती, जनावरांस किती आणि पिकांस किती उरते हे आधी पाहावे, ही त्यातील कल्पना उत्तम होती आणि आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु पैसा मुख्यतः ठिबक, शेडनेट आणि प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी यांवरील वैयक्तिक अनुदानात गेला. अनुदानाचा नियम असा की आधी पदरचे खर्च करावयाचे, मग ते खात्यात जमा होणार. ज्याच्याजवळ पदर आहे त्यालाच ही योजना! ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा कुळाला, बटईदाराला, शेतमजुराला आणि नवऱ्याच्या आत्महत्येनंतर जमीन नावावर होण्याची वाट पाहणाऱ्या बाईला तिच्यात जागा नाही. शिवाय अनेक ठिकाणी शेततळे पावसाने न भरता बोअरच्या पाण्याने भरले जाते. भूगर्भातले सर्वांचे पाणी उपसून एकाच्या तळ्यात साठविले जाते आणि उन्हात त्याची वाफ होते. ताळेबंद गावाचा आणि तळे खासगी, असा हा प्रकार आहे.

भूजलाचा कायदा महाराष्ट्राने २००९ साली केला, तो २०१४ मध्ये अंमलात आला आणि त्याच्या नियमांचा मसुदा निघण्यास २०१८ साल उजाडले. साठ मीटरहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. लातूर तालुक्यात आज बोअर किती फुटांवर जाते हे कोणत्याही बोअरगाडीच्या चालकास विचारावे, म्हणजे कायद्याची प्रकृती कळेल. मराठवाड्यातील अकरा धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याच्या ‘वॉटर ग्रिड’ची योजना इस्रायलच्या सरकारी कंपनीकडून आखून घेण्यात आली. मोठ्या नळांना आमचा तत्त्वतः विरोध नाही. पण अकराही धरणांतून उपसा तसाच राहणार असेल तर या नळांतून काय वाहणार, हा प्रश्न विचारणाऱ्यास विकासविरोधी म्हणू नये.

या सर्वांच्या तुलनेत महाराष्ट्राने एक गोष्ट खरोखर करून दाखविली होती. १९७२ च्या दुष्काळात कष्टकरी जनतेच्या रेट्याने आणि वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमी योजना राज्यभर आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. तिचा खर्च भागविण्यासाठी शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे मुंबईच्या पगारातून मराठवाड्याच्या खडी केंद्रावरची मजुरी निघाली. पाझर तलाव, नालाबांध, समपातळी बांध ही कामे त्या मजुरीतून उभी राहिली. कामांचा दर्जा सर्वत्र चांगला होता असे नाही, आणि हजेरीपटांतील गैरव्यवहारांविरुद्ध समाजवाद्यांनीच मोर्चे काढले. तरीही मागेल त्याला काम हा हक्क होता. त्यातूनच २००५ चा केंद्रीय कायदा आला. तो कायदा मोडीत काढून डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा संमत केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले याचा गाजावाजा झाला. परंतु मजुरीचा जो भार केंद्र उचलीत होते त्यासह खर्चाचा चाळीस टक्के वाटा राज्यांवर टाकण्यात आला आणि शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची सोय करण्यात आली. याचा मुखेडच्या पुराशी थेट संबंध आहे. ऑक्टोबर २०२५ च्या मदतीत खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि तीन लाख रुपये रोजगार हमीच्या कामांतून देण्याचे जाहीर झाले. म्हणजे जमीन पुन्हा उभी करण्याच्या वचनाचा फार मोठा भाग ज्या कायद्यावर उभा होता, तो कायदाच तीन महिन्यांच्या आत बदलण्यात आला. त्या तीन लाखांचे काय, याचा लेखी जबाब प्रत्येक तहसीलदाराकडे मागितला पाहिजे.

मराठवाड्यावरील अन्यायाची चर्चा आमच्या सभांत नेहमी होते आणि ती रास्त आहे. १९७४ चे विकास आंदोलन, वसमतचा गोळीबार, दांडेकर समितीचा १९८४ चा अनुशेष अहवाल हा सारा आमचा वारसा आहे. जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पासष्ट टक्के पाणी नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे हे सूत्र लढून मिळविलेले आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याचा आधार त्याला आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. गोदावरीच्या खालच्या अंगाला असलेल्या नांदेडचा त्यावर हक्क आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, पुराचे पाणी पोचमपाडला जाते आणि दरवाजे खाली येतात तेव्हा धर्माबादच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओसरता प्रवाह येतो, ही व्यथाही खरी आहे. परंतु नाशिक-नगरकडे बोट दाखविणाऱ्यांनी आपल्या खोऱ्यातील माथा आणि शेवटचे टोक यांचाही हिशेब द्यावा. या दोनच जिल्ह्यांनी शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री राज्याला दिले. जायकवाडी आणि विष्णुपुरी यांच्या उभारणीतील शंकररावांचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. तरीही ज्या जिल्ह्यांत सत्ता इतकी वर्षे नांदली त्या जिल्ह्यांत मुखेड-कंधारच्या डोंगराळ पट्ट्यातला मजूर पोटासाठी दरवर्षी हैदराबादची किंवा उसाच्या फडाची वाट धरतो, याचे कारण केवळ प्रादेशिक अन्यायात सापडणार नाही. ज्याच्या रानात पाणी नाही तो माणूस दुसऱ्याच्या रानातल्या पाण्याने वाढलेला ऊस तोडावयास जातो, हा वर्गाचा प्रश्न आहे.

पाणी जमिनीला न देता माणसाला देता येते, हे महाराष्ट्रात घडून गेलेले आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. माणशी अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे पाणी. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्याच्या येरळाकाठी मुक्तिसंघर्ष चळवळीने लोकवर्गणीतून बळीराजा धरण बांधले आणि पाण्याचे समान वाटप करण्याचे ठरविले. हे प्रयोग लहान होते, त्यांच्यापुढे अडचणी आल्या, पण त्यांतील नियम आजही जसेच्या तसे मागता येतील असे आहेत. मांजरा, निम्न तेरणा, विष्णुपुरी आणि ऊर्ध्व पैनगंगा या चारही प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात आधी पिण्याचे व जनावरांचे पाणी, मग प्रत्येक कुटुंबास एका भुसार पिकापुरते पाणी, आणि त्यानंतर उरेल त्यातून ऊस असा क्रम असावा, ही पक्षाची मागणी राहील. यात उसाचा दोन एकरवाला बुडत नाही; उपसा योजनेचे खासगी नळ मैलोगणती नेणारा मात्र अडचणीत येतो. उन्हाळा आला की विष्णुपुरीच्या फुगवट्यातून अनधिकृत पंप काढण्याची मोहीम नांदेडकर पाहतात. पंप काढले जातात ते लहानांचे की मोठ्यांचे, हे तेथे उभे राहून पाहणारा कार्यकर्ता हवा.

यासाठी मुंबईच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि रब्बीच्या व उन्हाळ्याच्या पाणीपाळ्या तेथे ठरतात. पालकमंत्री, आमदार, कारखान्यांचे हितसंबंधी आणि पाटबंधारे खात्याचे अभियंते यांच्या त्या बैठकीत शेवटच्या टोकाचा शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांचा आवाज क्वचितच पोहोचतो. लातूर व नांदेड जिल्ह्यांतील आमच्या साथींनी प्रत्येकी निदान एका गावाचा पाण्याचा ताळेबंद सप्टेंबरअखेर ग्रामसभेत मांडून घ्यावा. गावातील बोअरची संख्या, त्यांची खोली, उसाचे क्षेत्र, गुरांची संख्या आणि पुरात खरवडलेल्या जमिनीचे गट क्रमांक त्यात असावेत. बायकांना बैठकीस बोलवावे. घागर कोठून किती खेपा भरावी लागते हे त्या सांगतील, ते कोणत्याही खात्याच्या नोंदीत नाही. हे कागद एकत्र करून दोन्ही जिल्ह्यांचे शिष्टमंडळ कालवा समितीच्या बैठकीच्या दिवशी अधीक्षक अभियंत्यांच्या दारात जाईल. दार बंद असेल तर बैठक संपेपर्यंत बाहेर बसण्याची तयारी करूनच यावे, आणि सोबत शिदोरी आणावी.